धुणाऱ्या टाकीचं धुणं

(दृश्य: नागपुरातल्या एका घराची गच्ची. मे महिन्याची पहाट. कोपऱ्यात पाण्याची काळी टाकी.)

पहाटेचे पाच वाजलेत. नवतपा सुरू आहे. या दिवसांत नागपुरात फोटो धुवायचे तर हीच वेळ. दुपारी या टाकीचं पाणी नळाला येतं तेव्हा हात पोळतो. कागदावरचं, चित्र धरून ठेवणारं जिलेटिन अशा पाण्यात फुगतं, मऊ पडतं, कधी कडेने सुटायलाही लागतं. डार्करूमची, म्हणजे फोटो बनवायच्या अंधाऱ्या खोलीची, बहुतेक गणितं 20 अंशांचं पाणी धरून मांडलेली आहेत. मे महिन्यात ते आम्हाला मिळत नाही. पहाटे जे मिळेल ते घ्यायचं.

(दृश्य: न्हाणीघरातली डार्करूम. ॲक्रिलिकची उभी, पारदर्शक टाकी.)

हा माझा प्रिंट वॉशर, तयार फोटोंतली रसायनं धुऊन काढणारी टाकी. आत पातळ पडदे, दोन पडद्यांच्या मध्ये एक प्रिंट. पाणी खालून आत येतं आणि वरून ओसंडून जातं. आरसी पेपरला, म्हणजे प्लास्टिकचा थर असलेल्या कागदाला, दोन-चार मिनिटं पुरतात. असा थर नसलेल्या फायबर पेपरचा मामला वेगळा. हायपो, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या फिक्सरमधलं रसायन, त्याच्या तंतूंत शिरून बसतो आणि सावकाश बाहेर येतो. मधे सोडियम सल्फाइटचं पाणी दिलं तर बराच वेळ वाचतो, नाही तर टाकी तासभर चालू ठेवावी लागते. हायपो मागे राहिला, तर काही वर्षांनी चित्रातली चांदी पिवळट, तपकिरी पडते.

एवढं सगळे शिकवतात. ही टाकी स्वतः कशी धुवायची, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

(दृश्य: टाकीत भरून राहिलेलं पाणी. भिंतीवर बोट फिरतं, मागे पुसट रेघ उमटते.)

काही वर्षांपूर्वी एका जुलैत मी टाकी भरलेलीच सोडली. पुढच्या रविवारी पुन्हा काम करायचंच आहे, असा विचार. तो रविवार तीन आठवड्यांनी आला. पाणी दिसायला नितळ होतं. मी नळ सोडला आणि आजीच्या फोटोची मोठी प्रिंट आत सोडली. सकाळी वाळलेली प्रिंट हातात घेतली, तर आजीच्या गालावर केसासारखा एक धागा चिकटलेला. तो बुळबुळीत थराचा तुकडा होता, जिलेटिनमध्येच वाळून बसलेला. प्रिंट पुन्हा भिजवून कापसाने काढायला गेले, तर खालचा गालही खरवडला गेला. ती प्रिंट मी अजून जपून ठेवली आहे.

अंधाऱ्या खोलीत शेवाळ कुठून आलं, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. हिरव्या शेवाळाला उजेड लागतो. खिडकीपाशी ठेवलेल्या टाकीत ते येतं. अंधारात धरणारा थर मुख्यतः जिवाणूंचा असतो, आणि त्यांना आपणच जेवू घालतो. जिलेटिन जनावरांच्या हाडांचं नि कातडीचं. धुताना त्याचा अंश पाण्यात उतरतो. उन्हाळ्यात मऊ पडलेलं तर जास्तच. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना थोडं आवरू शकलं असतं, पण प्रिंटमधून उतरलेला हायपो नेमका तेच क्लोरीन मारून टाकतो. म्हणजे शेवटच्या प्रिंटनंतर टाकीत उरतं ते कोमट, पोषक आणि बिनक्लोरिनचं पाणी.

नागपूरकराला हे वेगळं समजावायला नको. हंगाम संपल्यावर कूलरची टाकी न उपसता ठेवली, तर काय वास येतो, ते प्रत्येक घराला माहीत आहे.

(दृश्य: पडदे एकेक करून बाहेर येतात. मऊ स्पंज. वाहतं पाणी.)

म्हणून काम संपलं की थकवा असला तरी आधी टाकी उपसायची. पडदे काढायचे, मऊ स्पंजने दोन्ही बाजू पुसायच्या, कोपऱ्यांतून बोट फिरवायचं. तळाची भोकं जुन्या टूथब्रशने मोकळी करायची. आणि नळी! टाकी लख्ख असते आणि पाणी आणणारी नळी आतून चिकट. ती काढून उभी टांगायची, सगळं पाणी निथळू द्यायचं. पाण्याच्या फिल्टरचंही तेच. ओलं कार्ट्रिज महिनाभर बंद भांड्यात राहिलं, तर तिथेच थर वाढतो.

बोअरचं पाणी वापरलं की भिंतीवर पांढरे क्षार बसतात, कूलरच्या ताटीवर बसतात तसेच. त्यांना पातळ केलेला व्हिनेगर पुरतो. घासणी नको, ओरखड्यांत पुढचा थर बसतो. स्पिरिट आणि ॲसिटोनही नको, ॲक्रिलिकला बारीक तडे जातात.

(दृश्य: उघडी खिडकी. मापाचा ग्लास. हातमोजे.)

थर धरलाच, तर घरगुती ब्लीच: लिटरभर पाण्याला साधारण 10 मिलिलिटर, पंधरा-वीस मिनिटं. इथे मात्र माझं ऐकाच. ब्लीच आणि व्हिनेगर एका दिवशी हातात घेऊ नका. स्टॉप बाथ, फिक्सर ही डार्करूममधली आम्लधर्मी रसायनंही दूर ठेवा. ब्लीचमध्ये आम्ल मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि डार्करूम म्हणजे बहुधा बंद खोली.

ब्लीचनंतर टाकी भरून ओतायची, पुन्हा भरून ओतायची. क्लोरीन उरलं तर ते चित्रातली चांदी खातं, फिकट छटा आधी जातात. भरपूर खळबळून झाल्यावर मी शेवटच्या पाण्यात चिमूटभर हायपो टाकते, तो उरलंसुरलं क्लोरीन निष्प्रभ करतो. मग पुन्हा साधं पाणी. जॉन हर्शेलने 1819 मध्ये दाखवलं की हायपोत चांदीचे क्षार विरघळतात. 1839 पासून फोटोग्राफी त्यावर उभी आहे. ज्याला हाकलायला ही टाकी घेतली, तोच तिच्या सफाईला मदत करतो, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

(दृश्य: गच्चीवरची सावली. दोन लाकडी पट्ट्यांवर उपडी ठेवलेली टाकी, शेजारी दोरीवर पडदे.)

मग टाकी उपडी, सावलीत, खालून वारा लागेल अशी. उन्हाळ्यात तासाभरात कोरडी होते. पावसाळ्यात दोन दिवस लागतात, आणि ते दोन दिवस तिला द्यावेच लागतात.

पुढच्या वेळी प्रिंट सोडण्याआधी मी पहिलं पाणी ओतून टाकते आणि ओलं बोट आतून फिरवते. बोट घसरलं तर पुन्हा स्पंज. करकर आवाज आला, तर आजीची निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये लावते.