उतरत्या रेषेत कोण मोजलं गेलं?

संयोजकांनी सांगितलं होतं, आकडे कमी ठेवा, लोक कंटाळतात. मी ते अर्धंच ऐकणार आहे. आकडे सोडून या विषयावर बोलायला गेलं की मागे उरतं नीतीचं प्रवचन, आणि देहविक्रय करणाऱ्या बायकांना प्रवचनं आजवर भरपूर ऐकवून झाली आहेत.

विषय असा आहे की या स्त्रियांमध्ये लैंगिक संबंधांतून पसरणारे आजार, म्हणजे गरमी (सिफिलिस), परमा (गनोरिया), क्लॅमिडिया, जननेंद्रियांची नागीण (हर्पिस) वगैरे, वाढताहेत की घटताहेत. बहुतेक ठिकाणी सरळ उत्तर मिळतं: जिथे नीट काम झालं तिथे घटले. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. आलेखातली रेषा खाली उतरलेली दिसली की आधी विचारावं, कोणाला मोजलं आणि कोणत्या तपासणीने मोजलं?

हा प्रश्न जुना आहे. इंग्लंडने 1864 मध्ये सांसर्गिक रोगांचा कायदा केला. छावणीच्या आणि बंदराच्या गावांत संशयित बाईला पकडून तिची जबरदस्तीने तपासणी करायची आणि रोग सापडला तर तिला खास इस्पितळात कोंडून ठेवायचं. 1868 मध्ये तसाच कायदा हिंदुस्थानातही आला. तिच्याकडे येणाऱ्या सैनिकाची तपासणी मात्र कायद्याने सांगितली नव्हती. जोसेफिन बटलर या समाजसुधारक बाईंनी वर्षानुवर्षं लढा दिला आणि 1886 मध्ये इंग्लंडचा कायदा रद्द झाला. त्या काळच्या नोंदवह्यांत रोगी बायकांचे आकडे आहेत, पण ते पोलिसांच्या हाती लागलेल्या बायकांचे. ज्या पळाल्या, लपल्या, दुसऱ्या गावी गेल्या, त्यांची नोंद कुठेच नाही. रोगही अर्थात त्यांच्याबरोबरच गेला.

आता थायलंड. 1989 मध्ये रात्चाबुरी प्रांतात एक साधा नियम आला: कुंटणखान्यात निरोधाशिवाय धंदा नाही. 1991 पासून तो देशभर लागू झाला. यातली खुबी अशी की जबाबदारी बाईवर न टाकता मालकावर टाकली. सरकारी दवाखान्यात परमा घेऊन आलेल्या पुरुषाला विचारायचे, कुठे गेला होतास? ते नाव मग मालकाच्या दारापर्यंत पोचायचं. 1989 च्या सुरुवातीला अशा संबंधांत निरोधाचा वापर 14 टक्के होता, 1993 पर्यंत तो 94 टक्क्यांवर गेला आणि सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या पुरुषांमधले पाच प्रमुख गुप्तरोग 79 टक्क्यांनी घटले. एवढ्या थोड्या वर्षांत एवढी घसरण सार्वजनिक आरोग्यात क्वचितच पाहायला मिळते. मात्र त्याच वर्षांत धंदा कुंटणखान्यांतून बार, कराओके आणि मसाज पार्लरकडे सरकत होता, आणि तिथे मालकाला जाब विचारणं इतकं सोपं नव्हतं.

कोलकात्याच्या सोनागाछीत 1992 मध्ये डॉ. स्मरजित जाना यांनी काम सुरू केलं ते दुसऱ्या टोकाकडून. तिथल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन आरोग्य कार्यकर्त्या केलं. निरोधाची माहिती नसणं हा मोठा अडथळा नव्हताच. अडथळा होता शेजारचा दरवाजा. एकटी बाई ‘निरोध नाही तर नाही’ म्हणाली की गिऱ्हाईक दोन पावलं पुढे जातं, आणि त्या रात्रीचं भाडं, हप्ता, घरवालीचा, म्हणजे कुंटणखाना चालवणारीचा, वाटा काही थांबत नाही. गल्लीतल्या सगळ्याच जणी नाही म्हणाल्या तर गिऱ्हाइकाला जायला जागा उरत नाही. 1995 मध्ये त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली, दुर्बार महिला समन्वय समिती. संक्रमण रोखणारी गोष्ट माझ्या मते हीच आहे, नकार देण्याची ऐपत. गोळ्या, किट, पोस्टर हे सगळं त्यानंतर येतं.

हीच बाई घरी तिच्या माणसाबरोबर निरोध वापरत नाही. देशोदेशीच्या पाहण्यांत हे पुन्हा पुन्हा दिसतं. गिऱ्हाइकाबरोबर निरोध म्हणजे धंद्याचा नियम, पण घरच्या माणसापुढे निरोधाचं नाव काढलं की त्याला तो अविश्वास वाटतो. सर्वेक्षणात ‘मागच्या गिऱ्हाइकाबरोबर निरोध वापरला का?’ एवढंच विचारलं तर उत्तर झकास येतं आणि परमा तरीही सापडतो. मग अधिकारी म्हणतात, बायका खोटं बोलतात. प्रश्नच अर्धा विचारला होता, त्याचं काय?

आजारांची जातही बदलली आहे. शांक्रॉइड नावाची दुखरी गुप्तांगावरची जखम एके काळी आफ्रिका-आशियात सर्रास दिसायची, आज बहुतेक ठिकाणी ती जवळजवळ दिसेनाशी झाली आहे. या आजाराचा जिवाणू टिकायला सतत नवे जोडीदार लागतात, आणि तो साध्या अँटिबायोटिकने मरतो. निरोध वाढला, उपचार लवकर मिळू लागले, आणि त्याची साखळी तुटली. जननेंद्रियांच्या नागिणीचं तसं नाही. तिचा विषाणू एकदा शरीरात शिरला की जन्मभर राहतो, आणि निरोधाने न झाकलेल्या त्वचेतूनही पसरतो. सर्वेक्षणात शोधतात ती रक्तातली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) कायम राहतात, त्यामुळे उद्यापासून एकही नवी लागण झाली नाही तरी पुढची कित्येक वर्षं सर्वेक्षणात नागिणीचं प्रमाण तेवढंच दिसेल. गरमीतही हाच घोटाळा होतो. टीपीएचए ही रक्ताची तपासणी उपचारांनंतरही बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते, आणि व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही दुसरी रक्ततपासणी उपचारांनी उतरते. एका वर्षी एक तपासणी केली, पाच वर्षांनी दुसरी, आणि दोन्ही ठिपके जोडून रेषा काढली, तर ती रेषा रोगाबद्दल काहीच सांगत नाही.

दवाखान्याच्या रजिस्टरवर तर माझा विश्वास आणखी कमी आहे. जिथे प्रयोगशाळा नाही तिथे लक्षणं पाहून औषध देण्याची पद्धत आहे. अंगावरून पांढरं जातं म्हणाली की औषधांचं ठरलेलं किट द्यायचं. पुरुषात परम्याला ही पद्धत बरी चालते, कारण त्याला जळजळ होते, पू दिसतो आणि तो स्वतःच धावत येतो. बाईच्या गर्भाशयमुखात परमा आणि क्लॅमिडिया बहुतेक वेळा गपचूप बसतात. उलट पांढरं जाण्यामागे बऱ्याचदा वेगळंच काही असतं, जिवाणूंचा समतोल बिघडलेला असतो किंवा साधी बुरशी असते. म्हणजे जिला परमा नाही तिला परम्याचं औषध मिळतं, आणि जिला आहे ती तक्रारच करत नाही. रजिस्टरात उतरतात त्या तक्रारी, आणि अहवालात त्याच संक्रमण म्हणून छापल्या जातात.

वरून औषधंही बोथट होत चालली आहेत. परम्याने आधी सल्फा पचवलं, 1976 मध्ये पेनिसिलिन फोडणारे जिवाणू सापडले, मग सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधं गेली. 2009 मध्ये जपानच्या क्योटो शहरात सेफ्ट्रायॅक्सोन या परम्यावरच्या मुख्य औषधालाही जोरदार दाद न देणारा परम्याचा जिवाणू मिळाला. तो एका देहविक्रय करणाऱ्या स्त्रीच्या घशात होता. घशातला परमा सहसा दुखत नाही, आणि नेहमीच्या तपासणीत घशाचा नमुना बऱ्याच ठिकाणी कुणी घेतही नाही.

सगळ्यात मोठी गळती मात्र वेगळ्याच जागी आहे. जुन्या वस्तीत कार्यकर्त्या पोचल्या, दवाखाना झाला, तिथलं प्रमाण उतरलं. आता सौदा फोनवर होतो आणि जागा रोज बदलते. सर्वेक्षणवाले मात्र जुन्याच नकाशावर फिरतात, आणि तिथे त्यांना भेटतात टिकून राहिलेल्या, जाणत्या, संघटित बायका. नव्याने आलेली, कोवळ्या वयाची, ओळखीपाळखीची कुणी नसलेली मुलगी त्यांना भेटत नाही, आणि पहिल्या काही महिन्यांत नकार द्यायची ताकद सगळ्यात कमी तिच्याकडेच असते. रेषा उतरते ती खरीच, पण ती जुन्या जाणत्यांची रेषा असते.

आता कायद्याकडे येतो, कारण शेवटी प्रश्नोत्तरांत तोच विषय निघणार आहे. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात 2003 च्या एका न्यायालयीन निकालामुळे चार भिंतींआड चालणारा देहविक्रय व्यवहारात गुन्हा उरला नाही. 2009 मध्ये तो पुन्हा गुन्हा झाला. मधल्या वर्षांचा अभ्यास दोन अर्थतज्ज्ञांनी केला, तेव्हा त्या राज्यातल्या स्त्रियांमध्ये परम्याचं प्रमाण जवळपास 40 टक्क्यांनी घटलेलं दिसलं. हा आकडा राज्यातल्या सगळ्या स्त्रियांचा आहे, फक्त या धंद्यातल्या स्त्रियांचा नाही, आणि म्हणूनच मला तो जास्त बोलका वाटतो. 2014 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका गणिती अंदाजानुसार हा धंदा गुन्ह्यांच्या यादीतून काढला तर दहा वर्षांत गिऱ्हाइकं आणि स्त्रिया मिळून एचआयव्हीच्या 33 ते 46 टक्के नव्या लागणी टळू शकतात. हा अंदाज आहे, मोजमाप नाही, हे लक्षात असू द्या.

पण कारण समजायला गणित लागत नाही. ह्युमन राइट्स वॉच या संस्थेने 2012 मध्ये न्यूयॉर्कसह अमेरिकेतल्या चार शहरांवर अहवाल काढला. तिथे पोलीस बाईच्या पर्समधले निरोध देहविक्रयाचा पुरावा म्हणून वापरत होते. आरोग्य खातं फुकट निरोध वाटत होतं आणि त्याच शहराचे पोलीस ते पर्समधून काढून घेत होते, म्हणजे पकडलं जाण्याच्या भीतीने बायका जवळ एखाद-दुसराच ठेवणार, नाहीतर एकही नाही. पुढच्या सर्वेक्षणात त्यांच्या नावापुढे ‘निरोधाचा अनियमित वापर’ अशी खूण होईल. त्या तक्त्यात पोलिसांसाठी रकाना नसतो. आता प्रश्न विचारा.