सागाची जाळी आणि सागाचं खरं नुकसान

मित्रहो, नवरात्राच्या आसपास चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या किंवा मेळघाटातल्या सागाच्या जंगलातून गेलात, तर काही वर्षी टेकड्याच्या टेकड्या करपल्यासारख्या दिसतात. पान हातात घ्या. शिरांची नुसती जाळी उरलेली असते, मधला हिरवा भाग सगळा खाल्लेला. पाहणाऱ्याला वाटतं, जंगल संपलं. औषध फवारा, अशी मागणीही लगेच सुरू होते.

ही जाळी करते ती युटेक्टोना मॅकेरॅलिस नावाच्या पतंगाची अळी. तिला जून, निबर पान लागतं, म्हणून ती पावसाळ्याच्या उत्तरार्धात वाढते. सागाची दुसरी अळी हायब्लिया प्यूरा या पतंगाची. तिला हवी कोवळी पालवी. आपल्याकडे ती पावसाच्या तोंडाशी येते. शिरांची जाळी वगैरे ठेवण्याच्या भानगडीत ती पडत नाही. मधली जाड शीर सोडून सगळं पान फस्त करते. पण तिचं काम दोन आठवड्यांत आटोपतं, झाड महिन्याभरात पुन्हा फुटतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये तेच रान हिरवंगार दिसतं. कोणी तक्रार करत नाही.

आता सांगा, या दोघींत घातक कोण?

या प्रश्नाचं मोजून उत्तर दिलं ते केरळ वन संशोधन संस्थेच्या के. एस. एस. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. जागा निलांबूर. तिथं १८४० च्या दशकात, जहाजांना सागवान कमी पडू लागलं म्हणून, मलबारचे कलेक्टर कॉनोली यांनी लागवड सुरू करवली आणि चातू मेनन यांनी ती प्रत्यक्ष उभी केली. त्याच निलांबुरात नायर यांनी चार वर्षांच्या साग-लागवडीतले जमिनीचे तुकडे निवडले. काही तुकडे पालवी खाणाऱ्या अळीपासून वाचवले, काही जाळी करणाऱ्या अळीपासून, काही दोघींपासून, आणि काही तसेच सोडले. पाच वर्षं झाडं मोजली.

जाळी करणाऱ्या अळीमुळे लाकडाच्या वाढीत लक्षात घेण्याजोगा फरक पडलाच नाही. पालवी खाणारीपासून वाचवलेल्या तुकड्यात मात्र हेक्टरी वर्षाला ६.७ घनमीटर लाकूड वाढलं, न वाचवलेल्यात ३.७. म्हणजे मिळू शकणाऱ्या वाढीतला ४४ टक्के हिस्सा अळीच्या पोटात गेला. आणि यात एकही झाड मेलेलं नाही! म्हणूनच तर हे नुकसान इतकी वर्षं कोणाच्या डोळ्यावर आलं नाही.

असं का होतं, ते झाडाच्या वर्षभराच्या हिशेबात आहे. पानगळीनंतर साग पालवी काढतो ती खोडामुळांत साठवलेल्या पिठूळ साठ्यातून. पान मोठं झालं की ते अन्न तयार करून हा खर्च भरून काढतं. पालवी खाणारी अळी येते ती खर्च झाला आणि कमाई सुरू व्हायची आहे, नेमक्या त्या वेळी. झाडाला उरलेल्या साठ्यातून दुसऱ्यांदा पालवी काढावी लागते, आणि वाढीचे सर्वांत चांगले दिवस त्यातच जातात. जाळी करणारी येते तोवर पानाची बहुतेक कमाई झालेली असते. ते पान थोड्या महिन्यांत गळणारच असतं.

मग पालवी खाणाऱ्या अळीला तिचे शत्रू का आवरत नाहीत? शत्रू पुष्कळ आहेत. पक्षी तुटून पडतात, परजीवी माश्या आणि गांधीलमाश्यांचे लहान भाईबंद अळीत अंडी घालतात. जावा बेटावर तर लोक या अळीचे कोष वेचून आवडीनं खातात. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेतले कीटकतज्ज्ञ बीसन यांनी फार पूर्वी सांगितलं होतं की सागाखालची झुडपं राखा, म्हणजे परजीवींना वर्षभर आसरा मिळेल. सल्ला जंगलाच्या दृष्टीनं उत्तमच, पण या अळीपुढे तो पुरा पडत नाही. कारण हा पतंग थव्यानं येतो, एकेक मादी शेकडो अंडी घालते, अळ्या धाग्यावरून खाली उतरून पाचोळ्यात कोष करतात, आणि नवे पतंग निघाले की थवा ती जागा सोडून जातो. तिथल्या परजीवींची संख्या वाढेपर्यंत त्यांचं भक्ष्यच निघून गेलेलं असतं.

एकसुरी लागवडीमुळेच ही कीड येते, असं आपण सहज म्हणून टाकतो. मिश्र जंगलाचा मी पुरस्कर्ता आहे, तरी हे म्हणणं पुरेसं नाही. नैसर्गिक जंगलातला सागही ती खाते. निर्गुडीवर ती आढळते. आणि मुंबईकरांना हे ऐकून आश्चर्य वाटेल, पण ठाण्याच्या खाडीकाठची तिवरं काही पावसाळ्यांत एकाएकी निष्पर्ण होतात, तीही याच अळीमुळे. डोंगरातला साग आणि खाऱ्या चिखलातलं तिवर, दोन्हीकडे तिचं पोट भरतं. तिवरंही पुन्हा फुटतात.

उपाय आहे, पण तो घड्याळाशी बांधलेला आहे. निलांबूरच्या अभ्यासात दिसलं की दर वर्षीचा उद्रेक पहिल्या वळवानंतर अगदी लहान, हेक्टर-दीड हेक्टरच्या ठिपक्यांतून सुरू होतो. याच अळीला एक विषाणूजन्य रोग होतो; रोगट अळ्या पानांवर मलूल होऊन लोंबतात. तो विषाणू वाढवून फवारण्याची पद्धत केरळात विकसित झाली. तो या अळीला मारतो. मधमाशीला, पक्ष्याला, माणसाला नाही. मात्र अळी लहान असतानाच तो पोटात जायला हवा. चार-पाच दिवस उशीर झाला की फवारणी वाया.

म्हणून इथं बसलेल्या वनरक्षकांना आणि बांधावर साग लावलेल्या शेतकऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ऑक्टोबरातल्या जाळीसाठी पैसे आणि विष खर्च करू नका. पहिल्या पावसानंतरची पालवी रोज पाहा. पानाची कड दुमडून चिकटवलेली दिसली तर उलगडून बघा, आत अळी असेल. त्या दिवशी फोन करा, ती जागा नकाशावर टिपून ठेवा. आपल्या विदर्भातले हे पहिले ठिपके कुठं पडतात, याची वर्षानुवर्षांची नोंद हाती आली, तर विषाणू कुठं आणि कधी न्यायचा हे आपल्याला आधी ठरवता येईल.