दाखल्याच्या खिडकीपाशी

(वसईतल्या एका धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, सभागृहात शिक्षक आणि पालकांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं आवरून.)

फादर, सिस्टर, माझे सहकारी आणि पालकहो,

मला फोनवर विषय सांगितला तो असा: "बाई, वर्षअखेर. गॅदरिंग, बक्षीस समारंभ, दहावीचा निरोप, यावर बोला." मी तेहेतीस वर्षं आपल्या मिशनरी शाळांमधून मराठी शिकवलं, शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापिका होते. या कार्यक्रमांच्या इतक्या फायली माझ्या हातून गेल्या आहेत की कार्यक्रमपत्रिका मी झोपेतही सांगेन. पण आज मला स्टेजपासून सुरुवात करायची नाही. ऑफिसच्या खिडकीपासून करायची आहे.

शाळा सोडल्याचा दाखला तुम्ही कधी निवांत वाचला आहे? जनरल रजिस्टरचा नंबर, मुलाचं नाव, आईचं नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख आधी अंकात आणि मग अक्षरी. आधीची शाळा. त्याखाली दोन रकाने येतात. अभ्यासातील प्रगती: समाधानकारक. वर्तणूक: चांगली. आणि मग, शाळा सोडण्याचे कारण. तिथे आपण लिहितो 'इयत्ता दहावी उत्तीर्ण' किंवा 'पालकांच्या विनंतीवरून'. खाली मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का. बालवर्गापासून दहावीपर्यंत एक मूल आपल्याकडे राहिलं, त्याचे दात पडून नवे आले, आवाज फुटला, कुणाची आजी गेली, कुणाचे वडील बोटीवर कामाला गेले, आणि जाताना त्याच्या हातात एवढा कागद. मी असे हजारो सही केले. त्यातल्या कित्येकांकडे मान वर करून पाहिलं नाही, हे आज कबूल करते.

आपल्याकडे वर्ष कसं संपतं ते बघा. नाताळच्या सुट्टीच्या आगेमागे गॅदरिंग. जानेवारीत क्रीडादिन, सव्वीस जानेवारी, दहावीची पूर्वपरीक्षा. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात निरोप समारंभ. त्यानंतर तोंडी, प्रात्यक्षिकं, मग बोर्ड. बोर्डाचे पेपर बहुधा नेमके प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, येतात; कपाळावर राख लावून गणिताची उजळणी करणारी मुलं मी दरवर्षी पाहिली आहेत. बाकीच्या वर्गांच्या परीक्षा एप्रिलमध्ये, आणि १ मेला झेंडावंदन करून निकाल. म्हणजे दहावीच्या मुलाचा निरोप आपण त्याची परीक्षा होण्याआधीच उरकतो. पेपर संपला की ते परीक्षा केंद्रावरून परस्पर घरी जातं. निकाल मोबाइलवर बघतं. आणि पुन्हा शाळेत येतं ते गुणपत्रिका आणि दाखला न्यायला, तेव्हा सुट्टी चालू असते, स्टाफरूमला कुलूप असतं. खऱ्या निरोपाच्या दिवशी तिथे फक्त क्लार्क असतो.

आता निरोप समारंभाबद्दल. मला हा समारंभ मनापासून आवडतो. नववीची मुलं आदल्या दिवशी थांबून हॉल सजवतात. दहावीच्या मुली आयांच्या साड्या नेसून येतात आणि दर दहा मिनिटांनी एखाद्या टीचरकडून पिन लावून घेतात. वर्षभर ज्या सरांचा धाक, तेच सर बोलायला उभे राहतात आणि दुसऱ्याच वाक्याला त्यांचा गळा दाटतो. मग दिवे मालवायचे. मुख्याध्यापिका मोठ्या मेणबत्तीवर आपली मेणबत्ती पेटवते, ती ज्योत वर्गशिक्षकांकडे, तिथून दहावीच्या मुलांकडे, आणि दहावीकडून नववीकडे. हे मी तेहेतीसदा पाहिलं आणि एकदाही कंटाळले नाही.

या ज्योतीबरोबर प्रार्थनाही होते. तिच्याबद्दल माझं एक मत आहे, ते स्पष्ट सांगते. आपल्या हॉलमध्ये कोण असतं? सामवेदी आहेत, वाडवळ आहेत, कोळी आणि आगरी आहेत, पूर्वेकडच्या पाड्यांवरून आलेली वारली मुलं आहेत, उत्तरेकडून कामाला आलेल्यांची मुलं आहेत. बऱ्याच शाळांत कॅथलिक मुलं निम्मीही नाहीत. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. तीच घटना कलम २८ मध्ये सांगते की सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कुणालाही त्याच्या, आणि मूल अज्ञान असेल तर पालकांच्या, संमतीशिवाय धार्मिक उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. दोन्ही कलमं आपली आहेत. वर्षभर धर्मशिक्षणाच्या तासाला कॅथलिक मुलं एका वर्गात आणि बाकीची नीतिशिक्षणाला दुसऱ्या वर्गात बसतात. निदान शेवटच्या दिवशी त्यांना वेगळं करू नका. दहावीच्या मुलांसाठी मिस्सा, म्हणजे आपली चर्चमधली उपासना, जरूर ठेवा, पण चर्चमध्ये, रविवारी, आईवडिलांसह. शाळेतली प्रार्थना अशी असावी की शेवटच्या रांगेतल्या मुलीला तिच्या देवाचं नाव मनात घेता यावं. ज्योत सगळ्यांच्या हातात सारखीच जळते, आणि मुलांना ते आपल्या आधी कळलेलं असतं.

निरोपाच्या भाषणात आपण बहुतेक सगळेच संत गोन्सालो गार्सियांचं नाव घेतो. साहजिक आहे. ते वसईचे, आणि त्यांचं हौतात्म्य ५ फेब्रुवारीचं, म्हणजे निरोपाच्याच आठवड्यातलं. १५९७ साली नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसावर दिलं, त्यांत आपला हा वसईकर होता. १८६२ मध्ये त्यांना संत घोषित केलं. एवढं सांगून आपण मुलांना म्हणतो, असे मोठे व्हा. मला वाटतं, आपण गोष्टीचा मधला भाग गाळतो, आणि दहावीच्या मुलाला गरज त्या मधल्या भागाची असते.

मुलगा वसईच्या किल्ल्यात येशूसंघीयांच्या, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंच्या, हाताखाली शिकला. साधारण पंधराव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेला. पंधरावं वर्ष! आपला दहावीचा मुलगाच की तो. तिथली भाषा शिकला, धर्मशिक्षकाचं काम केलं, आणि येशूसंघात आपल्याला घेतील म्हणून वाट पाहत राहिला. घेतलं नाही. मग त्याने व्यापार केला. चांगला चालला, पण मन तिथे नव्हतं. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघाने त्याला बंधू म्हणून घेतलं. १५९३ मध्ये तो पुन्हा जपानला गेला तो दुभाषा म्हणून, कारण जपानी भाषा त्याला येत होती. जी वर्षं त्याला वाया गेल्यासारखी वाटली असतील, त्याच वर्षांत शिकलेली भाषा कामाला आली. ज्या मुलाला हवी ती शाखा मिळणार नाही, ज्या मुलीचं नाव हव्या त्या कॉलेजच्या यादीत लागणार नाही, तिला या दाराबाहेरच्या वर्षांबद्दल सांगा. पुतळ्यापाशी हार घालणं सोपं आहे. ही वर्षं सांगायला मात्र वेळ काढावा लागतो.

आता ज्यांना निरोपच मिळत नाही, त्यांच्याबद्दल. आज मी इथे आले ती खरं तर याचसाठी.

पहिली मुलं बोर्डिंगमधली. सिस्टरांच्या वसतिगृहातली मुलगी दिवाळीला पाड्यावर जाते. घरची माणसं वीटभट्टीवर निघालेली असतात, धाकट्या भावंडाला सांभाळायला कुणी नसतं, ती परत येत नाही. सहामाहीपर्यंत हजेरीपटावर तिचं नाव, पुढे नुसत्या गैरहजेरीच्या खुणा. तिच्यासाठी कुणी मेणबत्ती लावली? ज्या सिस्टर भट्टीपर्यंत चालत जाऊन मुलींना परत घेऊन आल्या, त्यांना मी ओळखते. त्या इथे बसल्या आहेत आणि त्यांना नाव घेतलेलं आवडणार नाही.

दुसरी चौथीची आणि सातवीची मुलं. आपल्या कितीतरी शाळा तिथेच संपतात. बालवर्गाच्या मुलांना आता काळा झगा आणि चौकोनी टोपी घालून फोटो काढतात. छान दिसतात ती, असू दे. पण सातवीतून खरोखर दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलाला आपण १ मेला प्रगतिपुस्तक देतो आणि फाटकापाशी सोडतो. नव्या शाळेत पहिल्या दिवशी तो कुणाशेजारी बसेल, याचा विचार दोन्ही शाळांपैकी एकीने तरी करावा. एप्रिलमध्ये एकदा त्यांना घेऊन त्या शाळेत जा. मैदान दाखवा, प्यायचं पाणी कुठे आहे ते दाखवा. एका सकाळचं काम आहे.

तिसरी गोष्ट सांगताना मला अजून जड जातं. मी एका शाळेत नववीची वर्गशिक्षिका होते. शाळेचं नाव सांगणार नाही, ती एकटी नव्हती. दारावर फलक असायचा: दहावीचा निकाल १०० टक्के. तो टिकवायचा, तर नववीच्या अखेरीला गळती करावी लागे. जी मुलं लटकणार असं वाटे, त्यांच्या पालकांना बोलावून सतरा नंबरचा फॉर्म समजावून सांगायचा. बाहेरून बस, शाळेच्या नावावर नको. सतरा नंबर वाईट नाही. शाळा सुटलेल्या कितीतरी बाया-माणसांनी त्यावर दहावी केली. पण शाळेत रोज येणाऱ्या, फळा पुसायला आधी उठणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला तो फॉर्म देणं म्हणजे त्याला बाहेर काढणं. मी त्याच्या आईसमोर बसून ते केलं. ती मासे विकून तशीच आली होती, हात पदराला पुसत तिने विचारलं, "बाई, याने काय केलं?" त्याने काहीच केलं नव्हतं. दाखल्यावर मी लिहिलं, वर्तणूक चांगली. कारण, पालकांच्या विनंतीवरून.

मेंढपाळाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. शंभरातलं एक मेंढरू हरवलं, तर तो नव्व्याण्णव रानात सोडून त्या एकामागे जातो. आपल्या फलकावरचे शंभर त्या एकाला वजा करून झालेले असतात. मुख्याध्यापिका झाले त्या वर्षी मी तो फलक उतरवला. पुढचे दोन निकाल खाली आले, पालकसभेत बोलणी खाल्ली, आणि नापास झालेली तीन मुलं दाखल्यावर 'अनुत्तीर्ण' असा शब्द घेऊन का होईना, आपल्या शाळेची म्हणून राहिली. तो फलक पुन्हा लावू नका, ही माझी विनंती आहे.

नापास मुलाला काय हवं असतं, तेही सांगते. पुरवणी परीक्षेचा अर्ज शाळेमार्फत भरायचा असतो आणि मुदत थोडी असते. मूल लाजेने शाळेकडे फिरकत नाही, आणि तारीख निघून जाते. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला प्रवेश घेता येतो, हे कितीतरी घरांत माहीतच नसतं. म्हणून निकालाच्या संध्याकाळी पेढे घेऊन पहिल्याच्या घरी जाण्याआधी नापासाच्या घरी जा. चहा घ्या, अर्जाची तारीख सांगा आणि सकाळी त्याला सोबत घेऊन या.

अकरावीचं थोडक्यात. २०२५-२६ पासून प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले आहेत. अल्पसंख्याक कोटा, इनहाउस कोटा (त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठी राखीव जागा) हे शब्द पालकांना आपणच उलगडून सांगायला हवेत. पण फॉर्म भरला की संपलं असं नाही. ज्याने विज्ञान मराठीतून केलं, तो कॉलेजात प्रकाशसंश्लेषण ओळखतो आणि फोटोसिंथेसिसला दचकतो. विषय येत असतो, शब्द नसतो. आम्ही एक साधी वही केली होती. बारावी झालेल्या आपल्याच मुलांनी मे महिन्यात बसून भौतिक, रसायन, जीवशास्त्राचे शब्द समोरासमोर लिहिले, आणि दुपारी दोन तास दहावीच्या मुलांना शिकवले. त्या वर्गाला शिक्षक नव्हता. आंबे होते, पंखा होता, आणि दोन वर्षांनी मोठी पोरं होती. सेमी इंग्लिशमुळे गरज कमी झाली असेल, पण पूर्ण मराठी माध्यमाची जी तुकडी अजून टिकून आहे, तिच्यासाठी ती वही पुन्हा काढा. आणि जिथे मराठी तुकडी यंदा शेवटची आहे, तिथल्या मुलांना तुम्ही शेवटचे असं सारखं सांगत राहू नका. शाळा मिटण्याचं ओझं पंधरा वर्षांच्या पाठीवर द्यायचं नसतं. ते आपलं आहे, आपण वाहू.

माझं मागणं मोठं नाही. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी परिपाठाला, शाळा सोडून जाणाऱ्या प्रत्येक मुलाचं पूर्ण नाव घ्या, मग तो पहिलीतला असो की नववीतला. बदली झालेल्या वडिलांची मुलं, माध्यम बदलणारी मुलं, सगळी. आणि जी दिवाळीनंतर आली नाहीत, त्यांचीही नावं त्यांच्याच वर्गाच्या ओळीत घ्या. आम्ही पहिल्यांदा असं केलं, तेव्हा सहावीच्या एका मुलीचं नाव घेतल्यावर तिच्या बाकावरची मैत्रीण "हजर" म्हणाली. तिला कुणी शिकवलं नव्हतं. पुढचं नाव घ्यायला मला थोडा वेळ लागला.

आता निकाल लागेल, मग गुणपत्रिका येतील. वाटपाच्या पहिल्या दिवशी सकाळी दहाला मी इथल्या शाळेच्या ऑफिसच्या खिडकीपाशी येऊन बसणार आहे. मुख्याध्यापकांना विचारलं आहे, ते हो म्हणाले. दहावीच्या वर्गशिक्षकांपैकी ज्यांना गावाला जायचं नसेल, त्यांनी यावं. शिपाईमामांना मी चार खुर्च्या बाहेर काढून ठेवायला सांगितलं आहे; जास्त लागल्या तर हॉलमधून आणू.