संकरित वळूची बाजू

मित्रहो, आजचा विषय अमेरिकेतील मांसाच्या गुरांच्या पैदाशीचा आहे आणि त्यात मला बाजू मांडायची आहे ती संकरित वळूची. संकरित गाय अधिक वासरे जगवते आणि संकरित वासरू वजनाला भरते, हे तिथल्या पशुपालकाला पटलेले आहे. वळू मात्र वंशावळीच्या कागदासह शुद्ध जातीचाच हवा, हा आग्रह अजून पुष्कळांचा सुटत नाही. संकरित वळूची वासरे एकसारखी निघत नाहीत, हे त्यामागचे जुने कारण मला नेहमी खटकत आले आहे.

टेक्सासमधील किंग रँचची हकिकत पाहा. शॉर्टहॉर्न गुरांचे मांस उत्तम, पण दक्षिण टेक्सासचे ऊन आणि गोचिडी त्यांना सोसत नसत, म्हणून त्यांचा ब्राह्मन गुरांशी संकर करण्यात आला. ही ब्राह्मन जात अमेरिकेत घडली ती गीर, कांकरेज, ओंगोल आणि थोड्या प्रमाणात आपल्या कृष्णाकाठच्या गुरांपासून. सांगली-साताऱ्याकडची ती जात आज आपल्याच घरी विरळ व्हावी, याचे मला फार वाईट वाटते. या संकरातून १९२० मध्ये ‘मंकी’ नावाचा लाल वळू जन्मला. तो कोणत्याही शुद्ध जातीचा नव्हता. तरीही त्याच्या वंशजांतून, काटेकोर निवडीने आणि नात्यातील पैदाशीने, सांता गर्ट्रुडिस ही जात उभी राहिली आणि १९४० मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ मुद्दा थोडक्यात मांडतो. नेब्रास्कातील क्ले सेंटरच्या संशोधन केंद्रात अनेक जातींच्या मिश्रणातून घडवलेल्या कळपांची शुद्ध जातींशी तुलना झाली, तेव्हा वजनासारख्या गुणांतील चढउतार दोन्हीकडे जवळपास सारखाच आढळला, कारण अशा गुणांमागे असंख्य जनुके असतात. रंग आणि शिंगे मोजक्या जनुकांवर ठरतात, म्हणून तिथला फरक डोळ्यांत भरतो.

दोन जातींचे निम्मे-निम्मे रक्त असलेला वळू तशाच गायींना दिला, तर पहिल्या पिढीतील संकरजोमाचा, म्हणजे संकरामुळे शुद्ध जातींच्या सरासरीहून जादा मिळणाऱ्या वाढीचा आणि जोमाचा, निम्मा भाग पुढे टिकतो; चार जातींच्या समान मिश्रणात तीन-चतुर्थांश टिकतो. दोन शुद्ध जातींचे वळू आलटून-पालटून वापरले, तर दोन-तृतीयांश टिकतो खरा, पण त्यासाठी दोन वळू, दोन कुरणे आणि प्रत्येक कालवडीच्या बापाची नोंद लागते. अमेरिकेतील बहुतेक कळपांत पन्नासहून कमी गायी असतात. ज्याच्या गायींना एकच वळू पुरतो, त्याने हा व्याप कसा सांभाळावा? त्याच्यासाठी संकरित वळू हाच सोयीचा मार्ग आहे. मात्र तो नोंदी ठेवणाऱ्या कळपातूनच घ्यावा, त्याचे अपेक्षित पैदास-मूल्य, म्हणजे त्याच्या वासरांत कोणते गुण किती उतरतील याचा नोंदींवरून काढलेला अंदाज, शुद्ध वळूइतक्याच कसोशीने तपासावे, आणि बाजारातून स्वस्तात मिळालेले, आईबापाचा पत्ता नसलेले खोंड कळपात सोडू नये.