दिव्याचा उजेड, रंगाचे थर : चित्र पाहण्याविषयी

या चित्रफितीत पडद्यावर आत्ता जे चित्र दिसत आहे, ते आपल्यापैकी अनेकांनी दिनदर्शिकेवर, एखाद्या दुकानाच्या भिंतीवर किंवा नातेवाइकांच्या दिवाणखान्यात पाहिलेले असेल. एका स्त्रीच्या हाती दिवा आहे, दुसऱ्या हाताचा तळवा तिने ज्योतीपुढे धरला आहे आणि तिच्या बोटांमधून उजेड झिरपत आहे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात हे मूळ चित्र आहे. 'ग्लो ऑफ होप' या नावाने ते ओळखले जाते आणि ते पाहून बाहेर पडणाऱ्या कित्येकांची समजूत अशी असते की हे राजा रविवर्मा यांचे चित्र आहे. रविवर्मा १९०६ साली निवर्तले. हे चित्र त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी, १९४५-४६ च्या सुमारास, सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी रंगवले आणि त्यासाठी त्यांची कन्या गीता समोर उभी राहिली होती. रविवर्म्यांची तैलचित्रे प्रसिद्ध आहेत; हे चित्र मात्र जलरंगात आहे, आणि त्याच्या थोरवीचा मोठा भाग त्या माध्यमात दडलेला आहे.

चित्रकाराचे नाव चुकीचे ठाऊक असूनही लोकांना चित्र आवडत राहिले, ही हळदणकरांवर अन्याय करणारी गोष्ट आहे खरी. पण चित्र आवडण्यासाठी चित्रकाराची ओळख अपरिहार्य नसते, हेही तिच्यातून दिसते. आता प्रश्न असा की जे आवडले ते नेमके काय होते? विषय सोज्वळ आहे, स्त्री सुंदर आहे आणि दिवा आपल्या घराघरांत मंगल मानला जातो, असे उत्तर सहज देता येईल. मात्र या उत्तराला एक अडचण आहे. याच चित्राच्या असंख्य नकला निघाल्या आहेत. त्यांत तीच स्त्री आहे, तोच दिवा आहे, तीच उभे राहण्याची ढबही आहे, तरीही त्यांतल्या बहुतेकींमध्ये दिवा फक्त पिवळा दिसतो, पेटलेला दिसत नाही. विषय आणि मांडणी जशीच्या तशी उचलूनही जे हातून निसटते, तिथेच मूळ चित्राचे चांगलेपण शोधले पाहिजे.

त्यासाठी जलरंगाची रीत थोडी समजून घ्यावी लागते. पारदर्शक जलरंगात उजेड दाखवण्यासाठी पांढरा रंग लावत नाहीत. कागदाचा स्वतःचा पांढरेपणा हाच त्या चित्रातला सर्वांत तेजस्वी भाग असतो आणि तो पहिल्यापासून राखून ठेवावा लागतो. काम फिक्याकडून गडदाकडे जाते. एकदा गडद झालेली जागा पुन्हा मूळच्या ताजेपणाने उजळवता येत नाही, त्यामुळे कुठे थांबायचे हे हात चालवण्याआधीच ठरलेले असावे लागते. कागद काही स्वतः प्रकाश देत नाही. ज्योत पेटल्यासारखी वाटते ती तिच्या भोवतीच्या अंधारामुळे, आणि तो अंधारही सपाट काळा असून चालत नाही. ज्योतीपासून दूर जाताना तो किती पावलांनी गडद होतो, बोटांच्या कडांना आलेली लाली तळव्यापाशी कशी मंदावते, साडीच्या घड्यांवर उजेड कुठे अडतो आणि मागच्या भिंतीवर सावली कितपत दाट पडते, या सगळ्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण हळदणकरांनी सांभाळले आहे. नक्कल करणारा बहुधा ज्योत अधिक पिवळी करतो आणि अंधाराकडे दुर्लक्ष करतो.

चित्र कोणाला कशामुळे आवडते, याचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात चित्रसूत्र नावाचा भाग आहे आणि त्यातला एक श्लोक असा आहे :

रेखां प्रशंसन्त्याचार्या वर्तनां च विचक्षणाः ।
स्त्रियो भूषणमिच्छन्ति वर्णाढ्यमितरे जनाः ॥

म्हणजे आचार्य रेषेची प्रशंसा करतात, जाणकार वर्तनेची, म्हणजे छटा चढवून उठाव आणण्याच्या कौशल्याची. स्त्रियांना अलंकरण हवे असते आणि उरलेल्या लोकांना रंगांची समृद्धी. यातले स्त्रियांविषयीचे विधान त्या काळाचे आहे आणि ते तिथेच ठेवलेले बरे. पण एकाच चित्रासमोर उभी असलेली चार माणसे चार वेगळ्या गोष्टी पाहत असतात, हे निरीक्षण आजही कुठल्याही प्रदर्शनात पडताळून पाहता येते. श्लोककर्ता यातल्या कुणालाही हाकलून देत नाही. सर्वांचे चित्त वेधले जाईल असा प्रयत्न चित्रकाराने करावा, असे तो पुढे सांगतो. हळदणकरांची दीपधारिणी या अपेक्षेला पुरेपूर उतरते. रेषा, वर्तना, जरीचा काठ आणि रंग, ज्याला जे हवे ते तिथे आहे.

आणि मग पडद्यावर हे दुसरे चित्र येते. हे वासुदेव गायतोंडे यांचे आहे. १९२४ साली नागपुरात जन्मलेले, मूळच्या गोव्याच्या कुटुंबातले आणि गिरगावात वाढलेले गायतोंडे १९४८ मध्ये सर ज. जी. कलाशाळेतून पदविका घेऊन बाहेर पडले. त्यांच्या सत्तरच्या दशकातल्या या उभ्या कॅनव्हासवर स्त्री नाही, दिवा नाही, ज्याला नाव देता येईल अशी एकही वस्तू नाही. वरपासून खालपर्यंत पसरलेला रंग आहे आणि त्यात मध्येच अक्षरांसारखे भासणारे, पण वाचता न येणारे आकार आहेत. रेषेचा आणि अलंकरणाचा चाहता इथून रिकाम्या हाताने परतेल. "हे तर मीही काढले असते," हे वाक्य अशाच चित्रांसमोर उच्चारले जाते, आणि ते उच्चारणाऱ्याला अडाणी ठरवून मोकळे होण्यात काही अर्थ नाही. त्याच्या शंकेला उत्तर मिळाले पाहिजे.

ते उत्तर गायतोंड्यांच्या कामाच्या पद्धतीत सापडते. ते कुंचल्यापेक्षा रोलर आणि रंग पसरवण्याची सुरी अधिक वापरत. रंग लागलेले कागदाचे फाटके तुकडे कॅनव्हासवर दाबायचे, उचलायचे, त्यांच्या खुणांवर पुन्हा पातळ थर द्यायचा, काही भाग खरवडून काढायचा, अशा रीतीने चित्र घडत जाई. वर्षाकाठी ते मोजकीच चित्रे पूर्ण करत, कारण हात चालवण्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ ते नुसते बसून विचार करण्यात घालवत. या पद्धतीमुळे खालचा थर वरच्या थरातून कुठे दिसतो, तर कुठे केवळ जाणवतो. म्हणूनच पहिल्या नजरेला एकरंगी वाटलेल्या जागेत काही मिनिटांनी खोली दिसू लागते आणि ते आकार रंगात बुडत आहेत की वर येत आहेत, हे ठरवणे अवघड होते. चित्रसूत्राच्या भाषेत सांगायचे तर इथे फक्त वर्तना आणि वर्ण उरले आहेत, आणि दोन्ही कसाला लागले आहेत. या धर्तीवर रंगवलेले पुष्कळ कॅनव्हास आज हॉटेलांच्या आणि कार्यालयांच्या भिंतींवर दिसतात; त्यांच्यात रंग नुसता पृष्ठभागावर पसरलेला असतो आणि दुसऱ्यांदा पाहताना पहिल्यापेक्षा अधिक काहीच हाती लागत नाही. अमूर्त असणे हा काही गुण नव्हे. गायतोंडे तर अमूर्त हा शब्दही आपल्या चित्रांसाठी नाकारत. वस्तुनिरपेक्ष, म्हणजे कोणत्याही वस्तूचे चित्रण न करणारी, म्हणणे त्यांना अधिक योग्य वाटे.

गंमत अशी आहे की बैठकीत आलाप ऐकताना तो कशाविषयी आहे, असे आपल्याकडे कोणी विचारत नाही. काळा घोड्याच्या जहांगीर कलादालनात मात्र चित्रकार स्वतः चित्रांशेजारी उभा असेल, तर चित्र धड पाहण्यापूर्वीच त्याला अर्थ विचारला जातो, आणि बिचारा काहीतरी सांगतोही. फरक इतकाच की आलाप आपल्याला स्वतःच्या गतीने बसवून ठेवतो. चित्रापुढे किती वेळ थांबायचे, हे पाहणाराच ठरवतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात केलेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे आढळले की नामांकित चित्रांपुढेही प्रेक्षक सरासरी सुमारे २७ सेकंद थांबतात आणि निम्मे प्रेक्षक तर १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकतात. हळदणकरांचे चित्र एवढ्या वेळात आवडू शकते, पण त्यातला अंधार एवढ्या वेळात दिसत नाही. गायतोंड्यांचे चित्र तर एवढ्या वेळात सुरूही होत नाही.

उरला पैशाचा प्रश्न. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईत क्रिस्टीज या संस्थेने भारतातला आपला पहिला लिलाव केला आणि त्यात गायतोंड्यांचे १९७९ सालचे एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना विकले गेले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे सिंहावलोकन भरले. हे पाहायला चित्रकार स्वतः नव्हते, ते २००१ मध्येच गेले होते. किमतीचा हा आकडा बाजारात किती श्रीमंत ग्राहक आणि किती थोडी चित्रे आहेत हे सांगतो. ऐकणाऱ्याला मात्र तो एकतर दिपवतो, नाहीतर चिडवतो, आणि दोन्ही वेळा त्याची नजर कॅनव्हासवरून हटते.

आमच्या या चित्रफितीचीही एक मर्यादा नोंदवली पाहिजे. जलरंगातला कागद आणि तैलरंगातले थर हे दोन्ही इथे सारख्याच प्रकाशमान पडद्यावर दिसत आहेत, त्यामुळे हळदणकरांनी राखलेला कागद आणि गायतोंड्यांनी खरवडलेला थर यांतला फरक आपल्याला सांगावा लागला. तो दाखवता आला नाही. हळदणकरांचे मूळ चित्र म्हैसूरला पाहता येते आणि गायतोंड्यांची चित्रे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. दोन्हीकडे आधी खोलीच्या पलीकडच्या टोकाहून, मग हातभर अंतरावरून आणि नंतर पुन्हा दुरून पाहावे, आणि शेजारी लावलेली नावाची पट्टी शेवटी वाचावी.