उद्या सव्वादोनला वारा किती असेल?

नमस्कार मंडळी. साताऱ्याहून सज्जनगड, ठोसेघर करत चाळकेवाडीच्या पठारावर गेला असाल तर त्या पवनचक्क्या तुम्ही बघितल्याच असतील, पावसाळ्यात धुकं एवढं की पाती दिसत नाहीत, नुसता घुं घुं आवाज येतो. आपल्याला वाटतं वारा आहे म्हणजे वीज आहे, झालं. पण ग्रिड सांभाळणाऱ्यांना उद्या सव्वादोन ते अडीचमध्ये किती वीज येणार ते आजच हवं असतं, दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे असे 96 तुकडे, प्रत्येकाचा आकडा आधी द्यायचा आणि फार चुकला तर पैसे भरायचे.

आता गोम अशीय की वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते. सेकंदाला 6 मीटर धरला आणि आला 7, चूक एकाचीच, पण 6 चा घन 216 आणि 7 चा 343, म्हणजे दीडपटीहून जास्त! आणि 25 च्या वर गेला की बहुतेक पवनचक्क्या जपून बंदच होतात.

म्हणून हा अंदाज काढायला न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारं संगणकातलं गणित, वापरतात. त्याला आपण जुन्या नोंदी देतो, वेग, दिशा, तापमान, हवेचा दाब, मग ते एक अंदाज सांगतं, खऱ्या आकड्याशी ताडून बघतं आणि चुकलं तेवढं आतलं गणित थोडं सरकवतं, असं लाखो वेळा. 1997 मध्ये होखरायटर आणि श्मिडहुबर या संशोधकांनी मांडलेलं एलएसटीएम नावाचं नेटवर्क तर मागचं काय धरून ठेवायचं आणि काय सोडायचं तेही शिकतं.

पण कुणी अचूकतेचा आकडा सांगितला की मी आधी विचारतो, "आत्ता आहे तोच वारा पुढेही राहील" ह्या साध्या अंदाजापेक्षा किती बरं आलं? कारण पुढच्या पंधरा मिनिटांसाठी त्याला हरवणं खरंच अवघड आहे, नेटवर्कचा कस लागतो तो पुढच्या काही तासांत. आणि फक्त हिवाळ्याच्या नोंदींवर शिकवलेलं मॉडेल जुलैत गडबडणारच, आपल्याकडे वर्षातला खरा वारा तर पावसाळ्यातच ना.

वारा पडणार हे तासभर आधी कळलं तर त्याच पठाराच्या पलीकडे कोयनेची जनित्रं आहेत, पाणी सोडलं की काही मिनिटांत वीज सुरू. थंड पडलेल्या कोळशाच्या संचाला मात्र कित्येक तास लागतात.