पत्त्याच्या रकान्यात काय लिहिलंय?

नमस्कार श्रोतेहो.

जुलै महिना होता. मी चौथीच्या वर्गात वह्या तपासत होते. एका मुलीची गणिताची वही सलग तिसऱ्या दिवशी नव्हती. मी तिला उभं केलं आणि सगळ्या वर्गासमोर म्हटलं, "रोज रोज विसरतेस कशी गं?" ती मान खाली घालून उभी राहिली. मधल्या सुट्टीत खिचडी वाढणाऱ्या ताई माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, तिला वहीवरून बोलू नका. परवा अतिक्रमणवाल्यांची गाडी आली होती. ताडपत्री, भांडी, दप्तर, सगळं उचलून नेलं." मी विचारलं, "कुठून?" "पुलाखालून. तिथंच राहतात ती माणसं."

दीड महिना ती मुलगी माझ्यासमोर दुसऱ्या बाकावर बसत होती. पटावर तिचा पत्ता होता. एका देवळाचं नाव आणि पुढे फक्त 'जवळ'. घर क्रमांक नाही, गल्ली नाही, चाळ नाही. तो पत्ता मी वहीत उतरवून घेतला होता, पण वाचला नव्हता. त्या दिवशी वर्गात बोलले ते शब्द मला आजही टोचतात.

2011 च्या जनगणनेत देशात 17 लाखांहून जास्त माणसं बेघर म्हणून नोंदली गेली. त्यातली 2 लाखांहून जास्त आपल्या महाराष्ट्रातली. फुटपाथवर, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, रेल्वेच्या फलाटावर, रस्त्याकडेच्या मोठ्या सिमेंटच्या पाइपात राहणारी माणसं या मोजणीत धरतात. त्यांच्यातली पोरं आपल्या शाळेच्या आसपासच असतात. काही पटावर असतात, काही फाटकापर्यंत येऊन परत जातात.

शाळेला ही मुलं ओळखू का येत नाहीत? कारण ती सांगत नाहीत. 'माझे घर' या विषयावर निबंध द्या, ती अंगण लिहितील, खिडकी लिहितील, दारातली तुळस लिहितील. सगळं शेजारच्या मुलीच्या घरचं असतं. वर्गात कळलं तर चिडवतील ही एक भीती. दुसरी भीती आईबापांची, आणि ती जास्त खोल आहे: बाईंना कळलं तर पोराला उचलून संस्थेत टाकतील. म्हणून ते पोरांना बजावून ठेवतात, विचारलं तर मामाकडे राहतो म्हणून सांग.

तेव्हा शिक्षकांनो, विचारण्याच्या आधी बघायला शिका. साडेसहाला शिपाईदादा फाटक उघडतात तेव्हाच दारात उभं असलेलं मूल अभ्यासाच्या ओढीनं आलेलं असेल, किंवा नळासाठी आणि संडाससाठी आलेलं असेल. दुसऱ्या तासाला डोळा लागणाऱ्या मुलाला रात्री ट्रकच्या आवाजात झोप मिळालेली नसते. पावसाळ्यात वह्यांची पानं एकमेकांना चिकटलेली दिसतात. पालकांचा म्हणून दिलेला मोबाइल नंबर लावला तर चहाच्या टपरीवाला उचलतो. आणि खिचडी शिजवणाऱ्या ताईंना तर सगळंच ठाऊक असतं. सोमवारी तिसऱ्यांदा ताट पुढे कोण करतं आणि शनिवारी डब्यात भरून कोण नेतं, हे त्यांना न विचारता कळतं. मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या बैठकीत महिन्यातून एकदा ताईंना आणि शिपाईदादांनाही बसवून घ्यावं, असं मी कळकळीनं सांगते.

मग विचारायचं कसं? वर्गात तर मुळीच नाही. एकट्याला गाठून, दुसऱ्या कामाच्या ओघात. "घर कुठंय तुझं?" असं विचारलं की मूल मिटून जातं. "सकाळी शाळेत यायला कुठून निघतेस?" असं विचारलं की ते रस्ता सांगतं. सिग्नल, पेट्रोल पंप, पूल. तेवढं आपल्याला पुरतं. पालकांना भेटायचं असेल तर रात्री आठनंतर जा. दिवसा त्या जागेवर कुणी सापडत नाही, आईबाप कामावर असतात आणि सामान कुठंतरी गुंडाळून ठेवलेलं असतं. 4 जुलै 2015 ला राज्यभर एकाच दिवसात शाळाबाह्य मुलांची मोजणी झाली होती. हेतू चांगला होता. पण ज्यांची जागा आठवड्याला बदलते, त्यांच्यासाठी एक दिवस पुरत नाही.

आता कागदांचं बोलू, कारण बहुतेक पोरं तिथंच अडतात. जन्माचा दाखला नाही, आधार नाही, रेशनकार्ड गाडीत गेलेलं. श्रोतेहो, तुमच्या ओळखीत असं कुटुंब असेल तर हे नीट ऐका. शिक्षणहक्क कायदा 2009 चा. वयाचा पुरावा नाही म्हणून सहा ते चौदा वयाच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, असं त्याच्या चौदाव्या कलमात लिहिलं आहे. वर्षाच्या मध्यात आलं तरी घ्यावं लागतं. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, या कारणावरूनही थांबवता येत नाही. मूल वयानं मोठं असेल तर त्याच्या वयाच्या वर्गात बसवून मागचं राहिलेलं वेगळं शिकवायचं. आणि शाळेत प्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे. पटाच्या ऑनलाइन नोंदीत आधारचा रकाना भरताना शिक्षकांची किती ओढाताण होते, ते मी भोगलं आहे. तरी आधी मूल वर्गात घ्यायचं, रकान्याशी मग झगडायचं.

ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली 2016 पासून सिग्नल शाळा चालते. महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी ती उभी केली. सिग्नलवर गजरे आणि खेळणी विकणारी पोरं जिथं होती, तिथंच कंटेनरमध्ये वर्ग भरवले. आधी अंघोळ, मग अभ्यास, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. प्रत्येक गावात अशी वेगळी शाळा काढता येणार नाही, आणि खरं तर ही पोरं इतर पोरांच्याच वर्गात बसायला हवीत. पण नळ, साबण, गणवेशाचा एक जादा जोड शाळेत ठेवायला काय लागतं? वह्या-पुस्तकांना कपाटाचा एक कप्पा द्या. गृहपाठ शाळा सुटल्यावर अर्धा तास तिथंच करू द्या. 'वही हरवली' याला शिक्षा ठेवू नका.

अमेरिकेत 1987 पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे. तिथं नातेवाइकांकडे नाइलाजानं दाटीवाटीनं राहणारं मूलही बेघर धरतात. जागा बदलली तरी मुलाला जुन्याच शाळेत राहता येतं, जाण्यायेण्याची सोय शाळेच्या यंत्रणेनं करायची. आणि या मुलांसाठी तिथल्या प्रत्येक शालेय जिल्ह्यात एक माणूस नेमलेला असतो. आपल्याकडे निदान केंद्रशाळेच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, पातळीवर असं एक नाव ठरलेलं असावं. आज हे काम ज्याला कळवळा असेल त्याच्यावर पडतं, आणि त्याची बदली झाली की थांबतं.

एक सावधगिरी मात्र बाळगा. मूल एकटं असेल, मारहाण होत असेल, कुणी भीक मागायला लावत असेल, तर मुलांच्या मदतीसाठी असलेल्या 1098 या नंबरवर फोन करायलाच हवा, वाट बघू नये. पण आई-बाप सोबत आहेत, माया आहे, फक्त छप्पर नाही, तर त्या घरापासून मूल तोडायची घाई करू नका. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं 2015 चा बाल न्याय कायदाही म्हणतो. हे पालकांना तुमच्या तोंडून ऐकू द्या. त्यानंतर ते तुम्हाला खरं सांगू लागतात.

त्या मुलीच्या वह्या मी माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवायला लागले. सकाळी ती काढायची, संध्याकाळी ठेवून जायची. दिवाळीनंतर त्यांना पुन्हा उठवलं आणि ते शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले. जाण्याआधी तिच्या आईनं येऊन सांगितलं, म्हणून मला तिथल्या शाळेत फोन करता आला, दाखला पाठवता आला. आठवड्यानं तिथल्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे हो. पण पहिल्याच दिवशी मला विचारलं, बाई, तुमच्या कपाटात माझा कप्पा कुठला? मला काही कळलंच नाही."

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कप्पा रिकामा करून दिला.